खुर्ची माझ्या ताब्यात

पातेल्याचं झाकण घरंगळत खोलीच्या मधोमध गेलं, स्वतःभोवती गरागरा फिरलं, कुरकुरलं, थरथरलं आणि एकदाचं ठण्णकन जमिनीवर बसलं.

फ्रिज विकल्यापासून आमच्या घरात फार शांतता होती. त्या फ्रिजने इतकी वर्षं सतत घुरघुरून घराला घरपण दिलं होतं. तो गेला तेव्हा कळलं, की या घरात बोलका असा तोच होता. त्या शांततेत भिंगरीने झाकण सोडलं होतं. भिंगरी म्हणजे माझी लेक. जन्मल्यापासून एका जागी बसलेली मी तिला पाहिलेली नाही, म्हणून भिंगरी. वय, पहिला दात हलायला लागण्याचं.

"आई, बघ! रिकाम्या घरात ते जास्त वेळ फिरतं!"

"फिरू दे," मी म्हटलं. "त्याच्या वाटेत आता आहे कोण?"

आम्ही परदेशी निघालो होतो. निघालो होतो म्हणजे निघायची तयारी चालू होती, आणि या दोहोंमध्ये किती अंतर असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दात करते. दुसऱ्यांचे. दवाखान्यातून तोंडाचा साचा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणात दात बसवायचे, रंग जुळवायचा, घासायचं, चकाकी आणायची आणि पाठवून द्यायचं. माझे दात घालून माणसं लग्नात हसतात, इंटरव्ह्यू देतात, सुनांना बोलतात. मला मात्र त्यांची तोंडं कधी दिसत नाहीत. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने माझ्या कामाचे नमुने मागवले, बघितले आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हा म्हणून कळवलं. नाही झालात तर रांगेत दुसरं कुणीतरी आहे, हेही तितक्याच गोड भाषेत कळवलं.

इथली नोकरी मी सोडली, घरमालकांना खोल्या रिकाम्या करून देते म्हणून लिहून दिलं, सामान विकायला काढलं. राहता राहिली भिंगरी. तिला देशाबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी तिच्या बाबाची संमती.

भिंगरीच्या बाबाला मी 'माजी' म्हणते. मंत्र्यांना म्हणतात ना, तसं. खातं गेलं, पण रुबाब राहिला. आम्ही वेगळे झालो तेव्हा कोर्टाने माजींना भिंगरीसाठी दरमहा पोटगी ठरवून दिली होती. ती माजींनी सुरुवातीला दिली, मग द्यायला विसरले, आणि पुढे आपण काही विसरलो आहोत हेही विसरले. मी मागितली नाही. ज्याला आपली लेक आठवत नाही त्याला आकडा कशाला आठवून द्यायचा, असा माझा बाणा होता. बाणा ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त ती महिनाअखेरीला उपाशी राहते.

हा बाणा मोडला समोरच्या काकूंनी. काकूंचं दार आमच्या दारासमोर. ते उघडं असतं तेव्हा काकू दारात उभ्या असतात आणि बंद असतं तेव्हा दारामागे.

"अगं, सोडतेस काय अशी?" काकू म्हणाल्या. "पोरीच्या हक्काचं आहे ते! एकदा तू विमानात बसलीस की तो काय तुला मनीऑर्डर करणार आहे? जायच्या आधी वसूल कर. तुझा मोठेपणा देणार आहे का पोरीचं तिकीट?"

हा घाव वर्मी लागला, कारण भिंगरीचं तिकीट खरोखरच काढायचं राहिलं होतं. थकलेल्या पोटगीतून तिकीट काढायचं, असं काकूंच्या दारात उभ्याउभ्या ठरलं. त्या वेळी मला कुणी मागून ओढून घरात नेलं असतं तर मी आज त्याच्या पायाची पूजा करत असते.

माझ्या वकीलीणबाईंना तर आनंदच झाला. बिस्किट चहात बुडवून त्या म्हणाल्या, "एका फटक्यात दोन्ही करू. दोन अर्ज. एक परवानगीचा, एक वसुलीचा."

म्हणजे एका अर्जात मी माजींचे पाय धरले आणि दुसऱ्यात गळा. वकीलीणबाईंच्या मते कायद्याला दोन्ही अवयव सारखेच. कोर्टाच्या कचेरीत मात्र या अवयवांची टेबलं वेगळी होती. डावीकडचं टेबल वसुलीचं, उजवीकडचं परवानगीचं. दोघा कारकुनांची कोपरं एकमेकांना लागत होती, पण बोलणं नव्हतं.

"तुम्ही इथेच राहता कशावरून?" डावीकडच्याने विचारलं. "नाहीतर वसुली इथे होणार नाही."

मी भाड्याची पावती दिली.

"तुम्ही इथून जाणार कशावरून?" उजवीकडच्याने विचारलं. "नाहीतर परवानगी कशाला हवी?"

मी घरमालकांचं पत्र दिलं. ते डावीकडच्याने मान लांब करून वाचलं. "अहो, यात तर तुम्ही जागा सोडली म्हणून आहे!"

"सोडणार आहे. अजून सोडली नाही."

"मग हे पत्र परत घ्या," उजवीकडचा म्हणाला. "अजून राहताय म्हणजे जायचं नक्की नाही."

"अहो, फ्रिज विकला मी!" मी जवळजवळ ओरडलेच. रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका बाईने हळूच विचारलं, "केवढ्याला गेला?"

शेवटी वकीलीणबाईंनी मार्ग काढला. मी वसुलीपुरती इथे राहते आणि परवानगीपुरती निघाले आहे, असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं. दोन्ही टेबलं खूश झाली. त्या क्षणी मी नक्की कुठे होते, हे मात्र माझं मलाच सांगता आलं नसतं.

पुढची तारीख पडली. माजी आले. पाठीला टेकायला आईने दिलेली उशी घेऊन आले.

"माझ्याकडे काही नाही," माजी न्यायाधीशबाईंना म्हणाले. आवाज असा, की मलाही क्षणभर वाईट वाटलं. "पाठीचं दुखणं आहे. बसून काम होत नाही आणि उभ्याने कुणी देत नाही. आईच्या घरात राहतो. परवानगीचं म्हणाल तर विचार करून सांगतो."

विचार करून! पोर जन्मली तेव्हासुद्धा हा माणूस विचार करून सांगतो म्हणाला होता.

वकीलीणबाई उठल्या आणि त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. हा शोध काकूंचा. फोटोत माजी एका अवाढव्य, काळ्या, मालिश करणाऱ्या खुर्चीत आडवे झाले होते. डोळे मिटलेले, पाय वर. खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'थोडा वेळ स्वतःसाठीही काढावा.'

न्यायाधीशबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग थोडा हेवा. "ही खुर्ची कोणाची?"

"माझी!" माजी म्हणाले. त्यांच्या वकिलाने त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. वस्तू माझी नाही असं म्हणायला लागणारा समजूतदारपणा माजींच्या अंगात नाही. "बिल माझ्या नावावर आहे. अशी खुर्ची या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही."

बिलाचं खरं होतं. पण खुर्ची मी घेतली होती. संसार डुगडुगायला लागला होता तेव्हा, त्याची पाठ बरी झाली की सगळंच बरं होईल अशा वेड्या आशेने, जादा कवळ्या घासून, हप्त्याहप्त्याने. त्याच्या वाढदिवसाला. म्हणून बिल त्याच्या नावावर. मी उठले आणि म्हणाले, "अहो, ती तर मी..."

वकीलीणबाईंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. "गप्प बसा!" त्या कानात म्हणाल्या. "तुमची आहे म्हणालात तर त्यांच्याकडून जप्त कशी करायची?"

माझी खुर्ची माझी नाही हे मी मान्य केलं, म्हणून ती मला मिळणार होती. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांना झोप कशी लागते, देव जाणे.

जप्तीला कोर्टाचा बेलिफ जातो, पण बेलिफाला न्यायची गाडी, ओझी उचलायला हमाल आणि वाटेत चहा, हे अर्जदाराने पाहायचं असतं. टेम्पोत मी, बेलिफ आणि चालक, मागे हमाल. बेलिफ बोलायला लागले की त्यांची कवळी टकटक करायची. माझं लक्ष हुकमापेक्षा तिकडेच. वरची बाजू सैल, उजव्या कडेला टोचत असणार. मी धंद्यातली आहे कळल्यावर त्यांनी ती सरळ काढून माझ्या हातात दिली. मी पर्समधल्या नखं घासायच्या कानशीने कड गुळगुळीत केली, बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि सरकारला त्याचे दात परत केले. बेलिफ इतके खूश झाले, की माजींच्या दारात त्यांनी तो हुकूम एखाद्या नाटकातल्या राजासारखा वाचला.

माजी खुर्चीत होते. आणि मालिश अर्ध्यावर होती. ही खुर्ची एकदा माणसाचे हातपाय धरून मळायला लागली की ठरलेला वेळ झाल्याशिवाय सोडत नाही. त्यामुळे माजी आडवे, हात खुर्चीच्या पकडीत, आणि त्यांच्या छातीवर जप्तीचा हुकूम. खुर्चीत एक बाई बोलते. ती मधूनमधून मंजुळ आवाजात म्हणत होती, "कृपया सैल व्हा."

"होतायत, होतायत," बेलिफ म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. माजी सासूबाईंनी त्यांना चहा दिला. मला पाणीही विचारलं नाही. कप खाली ठेवून त्या यादी सांगायला लागल्या. "टीव्ही माझा. कपाट माझं. पंखा माझा. भांडी माझी."

"आणि मुलगा?" बेलिफांनी लिहिता लिहिता विचारलं.

"तोही माझाच!"

"त्याची काळजी नको बाई. खाणारं माणूस ठेवायला कोर्टात जागा नाही."

कोर्टात खुर्ची ठेवायलाही जागा नाही, हे खाली टेम्पोजवळ आल्यावर कळलं. कोठार आधीच्या जप्तींनी गच्च भरलं होतं. "असं करू ताई," बेलिफ म्हणाले, "तुमच्याच ताब्यात देतो. लिलाव होईस्तोवर सांभाळा. इथे सही करा." मी टेम्पोच्या मागच्या फळीवर कागद ठेवून सही केली. ज्याने इतकी वर्षं काही दिलं नाही त्याच्या बुडाखालची खुर्ची मी काढून आणली होती. सहीखाली मी आनंदाने दोन रेघाही ओढल्या.

(इथे थोडं थांबावं लागलं. प्लास्टर घट्ट व्हायला जितका वेळ लागतो तेवढाच माझा असतो, आणि एका गृहस्थांचा खालचा जबडा तयार झाला आहे.)

तर खुर्ची. ती लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याच्या वळणावर अशी अडकली, की खाली उतरू पाहणारे, लिफ्टला भिणारे इमारतीचे सेक्रेटरी पूर्ण दुपार वरच अडकून पडले आणि कठड्यावरून वाकून आम्हाला नियम वाचून दाखवत राहिले. शेवटी आमच्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढलं तेव्हा ती आत आली. जे घर रिकामं करायला मी रक्ताचं पाणी करत होते त्याच्या मधोमध, एखाद्या पदच्युत राजाच्या सिंहासनासारखी, ती येऊन बसली.

भिंगरी शाळेतून आली आणि दारातच थांबली. मी म्हटलं ना, तिला स्थिर उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. ती पाहिली.

"बाबाची खुर्ची," ती हळूच म्हणाली. जवळ गेली, पाठीला नाक लावलं. "बाबाचा वास येतोय." मग चढून एका कडेला अंग चोरून बसली.

"नीट बस ना, मोकळी."

"नको. अर्धी बाबाची आहे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि विकलेल्या फ्रिजच्या जागेकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. काकूंचे गुडघे आले, मग काकांची कंबर आली, मग वरच्या मजल्यावरचा कुणाचा खांदा आला. मला हातातल्या बांधाबांधीतून दारापर्यंत जायला वेळ नव्हता, त्यामुळे लोक आपापले येत, बसत, "कृपया सैल व्हा" ऐकून सैल होत आणि जाताना सल्ले देत. "तिकडे थंडी फार असते म्हणे." "एकट्या बाईने पोरीला घेऊन जायचं म्हणजे!" "मी काय म्हणते, त्याच्याशी जुळवूनच का घेत नाहीस? खुर्ची आलीच आहे." सेक्रेटरी नोटीस घेऊन आले, राहत्या जागेत मालिशचा व्यवसाय चालवल्याबद्दल. मी म्हटलं, एक पैसा घेत नाही. ते म्हणाले, खात्री करून पाहतो. आणि बसले. खात्री व्हायला त्यांना तीन वेळा यावं लागलं.

मग एका संध्याकाळी काका खुर्चीत असताना फटकन आवाज झाला आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. पकड होती तशीच राहिली. काका अंधारात आडवे, पाय छताकडे. "अगं, सोडवा मला!" ते ओरडत होते. काकू मेणबत्ती घेऊन धावत आल्या. आम्ही दोघींनी मिळून ओढून पाहिलं. काका सुटेनात, फक्त लांबले. वायरमनला निरोप गेला. तोवर काकूंनी स्टूल ओढलं, चमच्याने काकांना चहा पाजला आणि सुनेबद्दल, बहिणीच्या जमिनीबद्दल आणि राहून गेलेल्या प्रवासांबद्दल सगळं सांगून घेतलं. वायरमन आला तेव्हा काकू म्हणाल्या, "बाबा, जरा थांब. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा उठून न जाता ऐकतायत."

वीज आली, काका सुटले, पण खुर्चीचा डावा पाय तेव्हापासून मुका झाला. उजव्या पायाला ती मळायची, डाव्या पायाला नुसती धरून बसायची.

आणि त्याच आठवड्यात उजवीकडच्या टेबलाने मला शेवटचे प्रश्न विचारले. माजींचा विचार अजून चालूच होता, पण त्यांच्या संमतीवाचूनही न्यायाधीशबाई परवानगी देतील, अशी वकीलीणबाईंना आशा होती. कारकून नेहमीच्या सुरात विचारत होता. कर्ज आहे का? नाही. गुन्हा आहे का? नाही. कोर्टाची काही मालमत्ता ताब्यात आहे का?

"आहे," मी म्हटलं. खोटं बोलले असते तर? पण आमच्या घरात खरं बोलायची खोड आहे, आणि तिने आमच्या सात पिढ्यांचं नुकसान केलेलं आहे.

त्याने पेन खाली ठेवलं. "मग नाही जाता येणार."

"अहो, खुर्ची नाही जात. मी जातेय."

"खुर्ची ज्याच्या ताब्यात, त्याला जागा सोडता येत नाही."

हे मोठमोठ्या लोकांच्या बाबतीत खरं आहे असं मी ऐकून होते. त्यात आपलीही गणना होईल असं वाटलं नव्हतं.

लिलाव कधी? कोर्टाच्या सुट्टीनंतर. म्हणजे पहिली तारीख उलटून गेल्यावर. दुसरा उपाय? इथे कायम राहणाऱ्या कुणी तरी खुर्ची आपल्या ताब्यात घेतो म्हणून सही द्यायची. इतकंच ना, असं म्हणून मी हसतच घरी आले आणि समोरच्या दारात उभी राहिले.

काकूंचं दार पहिल्यांदाच अर्धवट लोटलेलं होतं. "सही होय?" काकू म्हणाल्या. "कोर्टाच्या कागदावर? थांब हं, ह्यांना विचारते."

आतून काकांचा आवाज आला, "मी घरात नाही म्हणून सांग!"

"ते घरात नाहीत गं," काकू म्हणाल्या. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, एवढं मी त्यांच्या खाती जमा धरते. सेक्रेटरी म्हणाले, नियमात बसत नाही. खुर्चीत बसत होतं. खांदावाल्यांनी दार उघडलंच नाही. ज्या माणसांच्या मणक्यांची मी इतके दिवस फुकट सेवा केली, त्यांच्यातल्या एकाच्याही पाठीला कणा नव्हता.

फोनवर वकीलीणबाईंनी आधी तोंडातलं बिस्किट संपवलं. मग म्हणाल्या, "अहो, ही खुर्ची खरोखर हवी आहे असा जगात एकच माणूस उरला."

तडजोड कोर्टाच्या बोळातल्या बाकावर झाली. माजींनी पाठीमागे उशी लावली. संमतीवर सही करायला ते तयार होते. त्याबदल्यात खुर्ची परत, आणि थकलेली पोटगी सोडायची. "आणि पुढचीही," माजी म्हणाले. "तिकडे तू चांगली कमावणार. मग उगाच दोघांना त्रास कशाला?"

मी पहिल्या तारखेचा विचार केला. विकलेल्या फ्रिजचा, सोडलेल्या नोकरीचा, रांगेतल्या त्या दुसऱ्या कुणाचा. आणि 'हो' म्हटलं. दातांच्या धंद्यात एक गोष्ट शिकले आहे. माणूस दात कधी खातो ते त्याला कळत नाही, झिजलेले दिसतात तेव्हा कळतं. भिंगरीच्या तिकिटासाठी मी माझं कवळ्या घासायचं छोटं यंत्र सोडलेल्या नोकरीतल्या मालकांना विकलं. पहिल्या पगारातून घेतलेलं. त्यांनी ते हातात फिरवून "जुनं झालंय" म्हटलं आणि मीही "हो, झालंय" म्हटलं.

वकीलीणबाई मसुदा लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी सहज वर पाहिलं. "मुलीला भेटण्याबद्दल काय घालू? सुट्टीत इकडे पाठवायची? आठवड्याला फोन? तुम्ही सांगाल तसं कलम घालते."

"तुम्हाला योग्य वाटेल ते घाला हो," माजी म्हणाले, आणि बाकावर पुढे सरकले. "पण खुर्चीबरोबर रिमोट आहे. तो नक्की लिहा. आणि पायाखालचं ते काढता-घालता येणारं गादीचं. नाहीतर नंतर म्हणाल, लिहिलं नव्हतं."

वकीलीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मला हसू फुटलं. बोळातले लोक बघायला लागले तरी थांबेना, इतकं. माजींनाही वाटलं वातावरण मोकळं झालं; तेही जरासे हसले. पुढचे वरचे चार त्यांचे स्वतःचे आहेत, मागचे दोन मी केलेले.

खुर्ची न्यायला ते स्वतः आले. आमचं जाणं जवळ आलं होतं, घरात चार पेट्या आणि ती, एवढंच होतं. बाबा येणार हे भिंगरीला कळलं होतं. तिने स्वतःच वेणी घातली होती, एक. दुसऱ्या बाजूचे केस तसेच होते. चपलांची अदलाबदल झाली होती. दाराजवळ भिंतीला टेकून ती उभी होती आणि हलणारा दात जिभेने हलवत होती. त्याला दाखवायचा होता तो.

"अरे वा, मोठी झालीस की!" माजी म्हणाले आणि तिचा गाल चिमटीत धरून सोडला. मग हमालांकडे वळले. "हळू! पाठीकडून धरू नका, खालून धरा! थांबा, आधी चालू करून बघतो."

ते बसले. खुर्ची घरघरली. "कृपया सैल व्हा," बाई म्हणाली. माजी सैल झाले, आणि लगेच ताठ. "डाव्या पायाचं काय केलंत?"

"ती तशीच झाली."

"तशीच कशी होईल? इतकी महागाची वस्तू! काही दिवस सांभाळायला दिली तर जरा जपता आली नाही?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं दातांच्या कुंपणापर्यंत येऊन उभं राहिलं होतं. पण भिंगरी ऐकत होती, म्हणून मी ते गिळलं. समोरच्या दारातून काकू मात्र गरजल्या, "ए, उचल ती आणि चालता हो! जपण्याच्या गोष्टी तू शिकवणार?" सही न दिल्याची ती भरपाई असावी. मी ती घेतली. मिळेल ती वसुली घ्यावी, हे मला आता कळलं होतं.

"बाबा, माझा दात..." भिंगरी म्हणाली.

"हो हो, छान," माजी जिन्यात पोचले होते. "अरे, वळणावर सांभाळा! घासेल!"

वळणावर खुर्ची अडकली, सुटली, आणि आवाज खाली खाली जात टेम्पोत बंद झाले. भिंगरी पळत खिडकीशी गेली आणि गजांना नाक लावून उभी राहिली. काकू आमच्या घरात आल्या, कमरेवर हात ठेवून रिकाम्या हॉलकडे बघत म्हणाल्या, "बघ गं बाई, कोर्टात भांडून, मागून नेली हो खुर्ची. लाज सोडली पण खुर्ची नाही सोडली."

टेम्पो कोपऱ्यावरून वळला. भिंगरी खिडकीतून फिरली नाही.

"आई, बाबाने भांडून मागितली खुर्ची?"

"हो गं."

ती दात हलवत राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं, तक्रार अशी नाही, काहीतरी समजून घ्यायचं असतं तसं.

"मग मला का नाही मागितलं?"